राजाबाईंची पासष्ट मिनिटं

अकरा वाजून गेले तरी येळ्ळूरच्या राजाबाईंच्या घरात केर तसाच पडला होता. एरवी केर दिसला की राजाबाईंच्या अंगात यायचं. पण आज इलाज नव्हता. त्यांचे यजमान रवळूआप्पा आयुष्यात पहिल्यांदा विमानानं नाशिकला लेकीकडे निघाले होते, आणि घरचं माणूस पोचेपर्यंत झाडायचं नाही, हा नेम. मोडला तर जाणारा परतत नाही, असं सासूबाई डोळे मोठे करून सांगायच्या.

एसटीनं गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत घर तसंच ठेवावं लागे. म्हणून विमानाचा हट्ट राजाबाईंचाच. सून सौम्यानं मोबाइलवर बघून सांगितलं होतं, "आई, सांबऱ्याच्या विमानतळापासनं नाशिक चारशे ऐंशी किलोमीटर. पासष्ट मिनिटं."

विमान अकराचं. बारा वाजून सहा मिनिटांनी राजाबाईंनी केरसुणी उचलली आणि माजघरापासून अंगणापर्यंत घर लख्ख केलं.

तेवढ्यात नाशिकहून लेकीचा, नीलमचा फोन आला. "आई, विमान अजून सांबऱ्यातच हाय. दोन तास लेट. अन् आप्पांचा फोन बंद लागतोय गं!"

राजाबाईंच्या हातून केरसुणी गळाली. भर दुपारी गल्ली चिडीचूप होती. गोठ्यातली म्हैस एकटक दाराकडे बघत होती. आणि भिंतीवर आप्पांच्या फोटोला हार! सकाळी गल्लीनं निरोपाला घातलेला, सौम्यानं खिळा दिसला म्हणून तिथं अडकवलेला.

"काढ तो आधी, भवाने!" राजाबाई ओरडल्या आणि उकिरड्याकडे धावल्या. ओच्यात भरून केर परत आणला, जिथला तिथं पसरू लागल्या. वारा नव्हता, तरी केर सरकत सरकत उंबऱ्याकडेच निघाला होता. त्यांना रडू फुटलं. आपल्याच हातानं आपण आपलं माणूस झाडून टाकलं.

शेजारचा भावकू धापा टाकत आला. "आक्का, आप्पा विमानानं गेलते न्हवं? आत्ता वेशीत दिसले. हाक मारली, तर वळून बघितलं न्हाय. पाय बी वाजंना!"

दाराची कडी वाजली. दारात आप्पा उभे. चेहरा पांढराफटक.

"पाय दावा," राजाबाई पुटपुटल्या.

"काय?"

"पाय दावा आधी!"

पाय सरळच होते. चपला हातात होत्या. "गल्लीनं हार घालून पाठवलंय," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "वाजत कसा येऊ माघारी?"

"अन् फोन?"

"बंद करायचं सौम्यानं शिकवलं. चालू करायचं शिकवलंच न्हाय."

"मग आलासा कशाला?"

"विमान लेट म्हणून सांगितलं. म्हटलं, ही पासष्ट मिनिटं मोजत बसली असंल. सासष्टाव्याला केरसुणी धरणार. मागं घर झाडलेलं असताना कोण बसतंय गं विमानात?" बोलता बोलता त्यांची नजर जमिनीवर गेली. घरभर केर होता. आप्पांचे डोळे भरून आले. "झाडलं न्हाईस व्हय? चाळीस वर्सं संसार केला, तुला वळखलंच न्हाय बघ."

राजाबाईंनी ओचा झटकला. "केरसुणीला हात बी लावला न्हाय."

सौम्या आणि भावकू छताकडे बघत राहिले.

एकच्या सुमाराला विमान घरावरून घरघरत गेलं. त्यात एक खुर्ची रिकामी होती. राजाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी केरसुणी पायानंच दाराआड सरकवली, आणि ते विमान नाशिकला उतरल्याचा नीलमचा फोन येईपर्यंत तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.