खांबेट्यांचे कोल्हे

संध्याकाळी मगरिबची बांग झाली की खांबेटे आपल्या स्वयंपाकघरातला दिवा मालवून, उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर खिडकीशी बसत. पाहुण्यांनाही डबेच. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मोबाईल खिशातून काढायचा नाही. माझी बायको मृणाल पहिल्यांदा आली तेव्हा तिला बांगड्या उतरवून फ्रिजवर ठेवायला लावल्या. चमचा वाजतो म्हणून चहात साखर बोटाने ढवळत. तोच चहा आम्हालाही मिळे. हे सगळं कशासाठी, तर खिडकीबाहेर कोल्हे होते.

खोटं नाही सांगत. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो, तो संध्याकाळी जागेवर असेल याची खात्री नसे. त्या खणाखणीत आमच्या व्हिलांच्या कंपाउंडमागचं माळरान गेलं. तिथली एक कोल्ही भिंतीखालून शिरली आणि खांबेट्यांच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्याखाली राहायला आली. वसंतात तिला पिल्लं झाली.

खांबेटे मूळचे नाशिकचे. रस्त्यांच्या कामावर प्लॅनिंग इंजिनियर, म्हणजे माळरान खाणारा तो रस्ता कागदावर यांनीच आखलेला. "आपण त्यांना डिसप्लेस केलंय. नुकसानभरपाई ड्यू आहे," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. साइट मीटिंगची भाषा त्यांच्या घरातही सुटत नसे. कोल्ही ही 'मेन कॉन्ट्रॅक्टर', पिल्लं 'सब-कॉन्ट्रॅक्टर'. मृणालने एका धीट पिल्लाला बंड्या म्हटलं, तर केवढे चिडले!

"नाव द्यायचं नाही, वहिनी. खायला द्यायचं नाही. नाव दिलं की लळा लागतो. ऑब्झर्व्ह करायचं, इंटरफिअर नाही करायचं. नोटेड?"

मृणाल 'नोटेड' म्हणायच्या ऐवजी शिंकली. पिल्लं कट्ट्याखाली पळाली आणि तिला आठवडाभर 'स्टॉप वर्क' मिळालं.

त्यांची बायको आणि मुलगा सौरभ नाशिकला होते. मुलाच्या शाळेसाठी ती दोघं करोनाच्या आधीच परत गेली होती. घरचं कसं काय विचारलं की "फाइन, फाइन" म्हणत आणि विषय पिल्लांवर नेत. माणूस घुम्या नव्हे, पण त्या बाबतीत तोंडाला कुलूप.

भानगड झाली चपलांवरून. आमच्या कंपाउंडमध्ये बहुतेक देशी मंडळी, दाराबाहेर चपला काढणारी. पिल्लांना दात फुटले आणि चपला जायला लागल्या. नेताना पठ्ठे जोड कधी नेत नसत, एकच न्यायचे. मृणालची कोल्हापुरी गेली. समोरच्या रेड्डींचा बूट गेला, तेव्हा ते उरलेला बूट हातात घेऊन मॅनेजरच्या ऑफिसात गेले.

मॅनेजर जोसेफ केरळचा. रिकाम्या व्हिलांमध्ये वर्ल्ड कपचे पाहुणे उतरवायचे होते, त्यामुळे तो आधीच टेकीला आलेला. सगळ्यांना बोलावून त्याने सांगून टाकलं, "पिंजरा लगाएगा. पकड़ के दूर डेझर्ट में छोड़ेगा."

खांबेटे उठले. आवाज साइटवरचा. "जोसेफभाई, बच्चे अभी शिकार नहीं सीखे. माँ एक पिंजरे में, बच्चे दूसरे में, तो खलास."

मग त्यांनी तोडगा मांडला. महिनाभर सगळ्यांनी चपला घरात घ्यायच्या. तेवढ्यात पिल्लं मोठी होऊन आपली वाट धरतील. जोसेफने मानलं, पण अट घातली. मधल्या काळात एक जरी चप्पल गेली, तरी पिंजरे.

त्या महिन्यात खांबेट्यांनी आमचा जीव खाल्ला. ऑफिसातून आले की दारोदार उंबरे तपासत फिरायचे. आमच्याकडे प्लंबर आला, तर त्याचे बूट हातात धरून हे बाहेर उभे.

"अहो, आत आणून ठेवा ना," मृणाल म्हणाली.

"तुमची फरशी पुसलेली आहे, वहिनी."

महिना सरत आला आणि एका सकाळी जोसेफ पार्किंगमध्ये उभा दिसला, हातात एक चावलेली सँडल. लहान मुलाची, निळी. ऑफिसला निघालेले आम्ही सगळे भोवती जमलो. त्या मापाचं मूल आमच्या कंपाउंडमध्ये नव्हतंच.

"ये किसका है?"

मी खांबेट्यांकडे पाहिलं. जोसेफशी कचऱ्याच्या डब्यावरूनही वाद घालणारा माणूस खाली मान घालून उभा होता. कान लालबुंद.

"मेरा है," मी म्हणालो. "पुराना. मैंने ही फेंका था."

जोसेफने सँडल पाहिली, मग माझे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. "यल्ला, खलास," म्हणत त्याने विषय मिटवला, ती माझ्या हातात कोंबली आणि निघून गेला. पिंजरे आले नाहीत.

संध्याकाळी सँडल घेऊन त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

"सौरभची," ते म्हणाले. "मीच बाहेर ठेवली होती."

"तुम्ही? अहो, एवढं सगळं करून?"

"चपला बंद झाल्या आणि पिल्लं अंगणात खेळायला येईनात. घर खायला उठलं हो. म्हटलं, एवढं एकच."

त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी साइट मीटिंगची भाषा नव्हती. मी म्हटलं, "पण इतकी वर्षं जपलेली वस्तू!"

"आता जपून काय करायचं? मधे करोना, दोन वर्षं जाता आलं नाही. मग डिसेंबरमध्ये गेलो, तेव्हा त्याला इथून बूट घेऊन गेलो होतो. या सँडलवरून अंदाज बांधला, वर दोन मापं धरली. दुकानात तासभर लावला. त्याची टाचसुद्धा आत जाईना. माझ्या मापाचा झालाय तो." त्यांनी सँडल माझ्याकडून घेतली आणि चावलेला पट्टा अंगठ्याने सरळ करत बसले. "व्हिडिओ कॉल करतो हो मी, रोज करतो. पण त्यात तोंड दिसतं. पाय कुठे दिसतात?"