नवमीचं पान

अविधवा नवमीला दुपारी साडेबारा वाजता विश्वनाथ सरंजामे गाझियाबादच्या आपल्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत पान वाढून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की या वसाहतीत कावळेच नाहीत. बिल्डरच्या माहितीपत्रकात चोवीस तास पाणी होतं, जॉगिंग ट्रॅक होता. कावळ्यांचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. अठ्ठेचाळीसपैकी पाच फ्लॅटांत माणसं राहत होती. बाकीच्यांच्या काचांवर अजून चुन्याच्या फुल्या होत्या. वारा सुटला की तिसऱ्या मजल्यावर एक दार आपटायचं. ते लावायला विश्वनाथ एकदा वर जाऊन आले होते. तिसऱ्या मजल्यावर दारं अजून बसवलेलीच नव्हती.

पान त्यांच्या पत्नीच्या, सुहासिनीबाईंच्या नावाचं होतं. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये असत्या तर कडुनिंबावरचे निम्मे कावळे त्यांनी नावानिशी बोलावले असते.

"बाबा, दीड वाजला," मुलगा अंशुमन म्हणाला. तो एका परदेशी कंपनीत होता आणि अर्ध्या दिवसाच्या रजेवर होता. "कावळ्याने शिवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असं कंपल्सरी आहे का?"

"तुझ्या आईला विचार."

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या फ्लॅटच्या कठड्यावरून एक राखाडी मांजर उतरली. पानापाशी येऊन बसली. वडे हुंगले, खीर हुंगली, आणि तोंड न लावता तिघांकडे बघू लागली. आधी विश्वनाथांकडे, मग अंशुमनकडे, मग सून तनयाकडे.

"अंशु, ती खात का नाहीये यार? नुसती बघतेय."

सुहासिनीबाईंचीही हीच पद्धत होती. त्या बोलत नसत, बघत. तिघांनाही ते आठवलं आणि तिघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

कावळा शिवत नसला की जाणाऱ्याचं काही राहिलंय असं समजून वचन द्यायचं असतं, हे पुण्याहून दिल्लीत येऊन बत्तीस वर्षं झाली तरी विश्वनाथ विसरले नव्हते. मांजरीला हा नियम लागू आहे का, याबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "सुहासिनी, मी ब्लडप्रेशरची गोळी चुकवणार नाही."

मांजर हलली नाही.

"आई, मी सिगारेट सोडतो," अंशुमन म्हणाला.

"तू ओढतोस?" तनया म्हणाली.

मांजर हलली नाही.

"अरे, असं उभ्या उभ्या काय?" विश्वनाथ म्हणाले. "बॉसला सांगतोयस का? खाली बसून नमस्कार कर."

अंशुमन पानासमोर मांडी घालून बसला, डोकं टेकलं, आणि भुकेने किंवा भीतीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, मी सिंगापूरला जात नाही. बाबांना एकटं ठेवत नाही."

मांजरीने मान खाली घातली आणि वडा खाऊ लागली.

बाल्कनीत तिघांच्याही अंगावर काटा आला. सिंगापूरची बढती महिनाभर घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. विश्वनाथ रोज रात्री पुण्यातल्या वृद्धाश्रमाचं पत्रक चष्मा न लावता वाचत असत, म्हणजे वाचलं नाही असं म्हणता येई.

अंशुमन उठला. मांजर थांबली. तो पुन्हा बसला आणि घाईघाईने म्हणाला, "रोज सात वाजता घरी येईन." मांजर खाऊ लागली. तो उठला, ती थांबली. पान संपेपर्यंत अंशुमनची अकरा वचनं झाली. त्यातलं एक रोज दूध पिण्याचं होतं.

मांजर दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच, दुपारी आणि संध्याकाळी. सातच्या ठोक्याला अंशुमन तिच्यासमोर मांडी घालून बसे आणि कालची वचनं पाळल्याचा अहवाल देई. जेवण मग तिथेच होऊ लागलं. मुलाबरोबर रोज बसून जेवायला विश्वनाथांना दहा वर्षांत मिळालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तळमजल्यावरच्या डॉक्टर लता भटनागर जिन्यात भेटल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. विश्वनाथांनी आडून आडून विषय काढला.

"अंकल, इसमें डरने की क्या बात है?" त्या हसल्या. "कुछ बिल्लियाँ अकेले नहीं खातीं. सिर नीचे हो तो पीछे से कौन आ रहा है, दिखता नहीं. कोई भरोसे का आदमी पास बैठ जाए, बस. उठ गया तो खाना बंद."

म्हणजे वचनांचा काही संबंध नव्हता. बसण्याचा होता. विश्वनाथ वर आले. पानापुढे मोडा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन गप्प बसले. मांजर मुकाट्याने जेवली. सिद्ध झालं.

आता अंशुमनला सांगायला हवं होतं. सांगितलं की तो सिंगापूरला जाणार, हेही उघड होतं. विश्वनाथांनी बत्तीस वर्षं मंत्रालयात काढली होती. प्रकरण तूर्त विचाराधीन ठेवावं, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोड्यावर बसले. मांजर खाईना.

मोडा जवळ सरकवला. खाईना. गुडघे दुखत असूनही खाली बसले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. वर, दारं नसलेल्या मजल्यावर, दार आपटलं.

"हे बघ, डॉक्टरांनी सांगितलंय," विश्वनाथ म्हणाले. "हे शास्त्र आहे."

मांजरीने पापणी मिटली नाही.

"बरं. सांगतो त्याला."

काही नाही.

"आज सांगतो."

मांजरीने मान खाली घातली.

संध्याकाळी चौघांची पानं मांडली गेली. विश्वनाथांनी भाताकडे बघत सगळं सांगून टाकलं. अंशुमनने घास गिळला.

"मला माहीत आहे, बाबा. डॉक्टर भटनागरनी मला तिसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्यासाठी थांबतो म्हटलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतंत. आईचं नाव होतं म्हणून गप्प बसलात. पण तुम्ही आज कसं काय सांगितलंत?"

"ती दुपारी खाईना. समोर बसलो तरी."

दोघांनी एकदमच मांजरीकडे पाहिलं. तिघंही तिच्याभोवती मांडी घालून बसलेली, आणि तिच्या पानातलं एक शीतही हललेलं नव्हतं. ती तनयाकडे बघत होती.

तनयाने हातातला घास खाली ठेवला.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. मग अंशुमनकडे वळून, "अंशु, सिंगापूरच्या नकाराचं पत्र तू मला माझ्या ऑफिसातून फॅक्स करायला दिलं होतंस ना... ते मी केलंच नाही. अजून पर्समध्ये आहे. ते लोक तुझी वाट बघतायत."

मांजर जेवू लागली. तिचं पान स्वच्छ होईपर्यंत कोणीही उठलं नाही.