अर्ध्या धोतराची सोयरीक

लीलाला पाहायला पुण्याहून मुलाचे वडील आले, पोह्यांची पहिली बशी झाली, दुसरीही झाली, तरी गृहस्थ होय म्हणेनात की नाही म्हणेनात. मळवलीच्या शाळेतले अंबाजी मास्तर दाराआड उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होते आणि बायको, म्हणजे नंदाबाई, देव्हाऱ्याकडे बघत होत्या. लीलाला एकोणिसावं लागलं होतं. आणि आपण बोलतोय ते छत्तीस-सदतीस सालचं. तेव्हा मुलीला एकोणिसावं लागलं की आईबापांच्या तोंडची चव जायची. आधीची दोन स्थळं अशीच पोहे खाऊन गेली ती गेलीच. हे तिसरं काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

पाहुण्यांचं नाव हौशीरामराव. बांधकाम खात्यात ओव्हरसियर. पूल आणि मोऱ्या तपासण्यात उभा जन्म गेल्यामुळे कशावरही काठी आपटून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. बसायला दिलेल्या खुर्चीवरही त्यांनी आधी काठी आपटली होती. पोटाखाली कातडी पट्ट्याने आवळलेली पांढरी पाटलून घालून ते आले होते, आणि आपण पाटलून घालतो याचा विसर ते कुणाला पडू देत नसत. संध्याकाळच्या गाडीआधी काय ते सांगतो, म्हणाले, तोवर इथल्या जंगलातला धबधबा पाहून येऊ. फक्त सुरक्षितपणे. आणि त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. धबधब्यावर जाताना घ्यायच्या खबरदारीची अकरा कलमं त्यावर शाईने लिहिलेली होती.

मास्तर बारा वर्षं मळवलीत होते, पण त्यांनी तो धबधबा एकदाही पाहिला नव्हता. त्यांना बेडकांची भीती वाटे. पण मुलीचा बाप कशालाही हो म्हणतो. त्यांनी नवंकोरं धोतर सावरलं, विहिरीचा दोर खांद्यावर टाकला, आणि रानाची माहिती असलेल्या गेणूला बोलावणं धाडलं.

दसरा होऊन गेला होता, तरी पाऊस त्या साली हटता हटत नव्हता. भातखाचरांच्या बांधावरून तिघे निघाले. कलम दुसरं असं होतं की दर शंभर पावलांवर माणसं मोजायची. हौशीरामराव थांबत, वळत आणि मोजत. दर वेळी तीनच भरत. चौथ्या-पाचव्या मोजणीनंतर गेणू त्यांनी तोंड उघडायच्या आतच लांबून तीन म्हणून मोकळा होऊ लागला, त्यावर मोजणी मोजणाऱ्यानेच करायची असते, असं त्याला ऐकावं लागलं.

झाडी दाट झाली तशी गेणूने एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी पायताण काढून ठेवलं.

"सायेब, हितनं म्होरं भैरीची राई लागती. चामडं आत न्यायचं न्हाई."

बूट निघाले. घड्याळाचा पट्टा निघाला, पाकीट निघालं. गेणू तरीही हलेना. त्याची नजर हौशीरामरावांच्या पोटाखाली खिळली होती.

"त्यो बी," गेणू म्हणाला.

हौशीरामराव काही बोलणार होते. पण शिकलेला माणूस असला तरी मूळचा मावळातल्या इंदुरी गावचा. रानातल्या देवाशी वाद घालायला जीभ उचलेना. पट्टा सोडला मात्र, पाटलून तडक खाली निघाली. त्यांनी ती एका हाताने धरली. आता कलम पाचवं असं होतं की दोन्ही हात सदैव मोकळे असावेत. आणि कलम सहावं असं की अवघड जागी कमरेला दोर बांधल्याशिवाय पाऊल टाकू नये. ओव्हरसियर माणूस, डोकं चाललं. त्यांनी विहिरीचा दोर पाटलुणीच्या पट्ट्याच्या घरांतून ओवून घेतला आणि पुढे सरगाठ मारली. एका दोरात दोन्ही कलमं पाळली गेली, म्हणून ते मास्तरांकडे बघून हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले. मास्तरांना वाटलं, जमतंय.

धबधबा खरोखरच देखणा होता. कातळावरून पाणी खालच्या डोहात पडत होतं आणि तुषार पार वरपर्यंत येत होते. डोह छातीएवढा खोल, त्यात बुडायचं म्हटलं तर बसावं लागलं असतं. गेणूने सांगितलं की बाजूने पायवाट आहे, बायका-पोरं तिथूनच उतरतात. हौशीरामरावांनी पायवाटेवर काठी आपटली. माती भुसभुशीत लागली. कातळावर आपटली, तर खणखणीत. सुरक्षित म्हणून त्यांनी कातळ निवडला, दोराचं टोक मास्तरांच्या हाती दिलं आणि शेवाळावर पाय ठेवला.

पाय गेला. पाठोपाठ सगळा माणूस गेला, तोही पालथा आणि डोकं खाली करून. मास्तरांच्या मनात त्या क्षणी माणूस वाचवणं वगैरे काही आलं नाही. डोहाकडे स्थळ चाललंय एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी दोन्ही टाचा रोवल्या आणि बारा वर्षांत खडूखेरीज काही न उचललेल्या हातांनी दोर असा खेचला की गेणूसुद्धा बघत राहिला.

दोर वर आला. गाठ वर आली. पाटलूनही वर आली, मधोमध उसवून दोन पाय दोन दिशांना झालेली. हौशीरामराव तेवढे खाली गेले.

गेणू पायवाटेने उतरला आणि त्यांना हाताला धरून काठाशी घेऊन आला. कुठे खरचटलं नव्हतं. पण ते पाण्याबाहेर येईनात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही तिकडे तोंड करा."

मास्तरांनी तिकडे तोंड केलं. लेकीचं लग्न आता मोडलंच, हे त्यांना कळून चुकलं होतं आणि त्यांचे डोळे भरून आले होते. पण समोरचा माणूस पाण्यात कुडकुडतोय, याचंही त्यांना वाईट वाटलं. त्यांनी नवं धोतर सोडलं, दातांनी काठ तोडला आणि आडवं टरकावून त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःला गुंडाळला, दुसरा न बघता मागे दिला. दोघांचे गुडघे उघडेच राहिले, पण रस्त्याने चालता येत होतं.

राईबाहेर आल्यावर हौशीरामरावांनी बूट घातले. पट्टा हातात घेऊन जरा वेळ घोटाळले, मग तोही अर्ध्या धोतरावर आवळला. माणसं मोजायचं आता ते विसरले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी गेणूला विचारलं, गावात हे तू कुणाला सांगणार तर नाहीस ना.

गेणू खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "आता त्ये कसं हाय सायेब, परका मानूस आसंल तर सांगावंच लागतंय. लोक इचारत्यात, धबधब्यावर गेलतास तं काय बघितलं."

"आणि परका नसेल तर?"

"गावच्या लेकीचा सासरा आसंल, तर त्याची आब्रू ती गावाची आब्रू. मग मान कापली तरी न्हाई सांगनार. मी बी न्हाई, माजा बाप बी न्हाई."

हौशीरामराव खाचराचा एक अख्खा बांध पट्टा चाचपत चालले. दुसऱ्या बांधावर त्यांनी मास्तरांना मुलगी किती शिकलीय ते पुन्हा विचारलं. तिसऱ्या बांधावर ते म्हणाले की तसं पाहिलं तर मुलीत नाव ठेवायला जागा नाही. गाव दिसू लागलं, पारावरची माणसं दिसू लागली, तेव्हा त्यांनी मास्तरांचा हात धरला.

"व्याही," ते म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरू."

पारावरची माणसं दोन अर्धी धोतरं बघून उठून उभी राहिली. गेणूने पुढे होऊन सांगितलं, हे आपल्या लीलाचे सासरे. माणसांनी रामराम केला आणि मान फिरवून आभाळाकडे बघू लागली.

नंदाबाईंनी दोघांना पाहून पदर तोंडाशी नेला. हसू आलं म्हणून की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी घाईघाईने बातमी सांगितली. नंदाबाई साखर आणायला आत पळाल्या. लीला चहा घेऊन बाहेर आली. तिने पाहुण्यांकडे पाहिलं, ओल्या कोटाकडे पाहिलं, धोतरावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि कप समोर ठेवला.

हौशीरामराव आता फार मवाळ झाले होते. ते म्हणाले, "पोरी, सकाळपासून आम्हीच विचारतोय. तुलाही मुलाबद्दल काही विचारायचं असेल तर विचार."

आत साखरेच्या डब्यावरचा नंदाबाईंचा हात थांबला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मुलगा धोतर नेसतो का?" लीलाने विचारलं.

हौशीरामरावांनी चहाचा एक घोट घेतला.

"नेसेल," ते म्हणाले. "उद्यापासून नेसेल."