मेणाचे मामा

"एका दिवसात मामांचं मन फिरवतो की नाही, बघच तू!" रविवारी सकाळी दाढी करता करता चष्मेवाल्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, आणि त्या भरात हनुवटी कापून घेतली.

मामा म्हणजे त्यांचे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते यांच्याकडेच राहत होते. पण थोरल्या लेकीचा फोनवर एकच धोशा, "बाबा, आमच्याकडे या. इकडे करमेल तुम्हाला." मामाही हल्ली खिडकीत बसून म्हणायला लागले होते, "इथे आहे काय? एक रस्ता आणि एक भिंत!" परवा तर त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढून झटकली. ती धूळ जी बायकोच्या डोळ्यांत गेली, ती काही निघेना. चष्मेवाल्यांचाही जीव टांगणीला लागला. चष्म्यांच्या दुकानातून आलं की मामांशी बुद्धिबळ खेळायचं आणि रोज सपाटून हरायचं, याचं त्यांना व्यसनच जडलं होतं.

म्हणून हा बेत! शहरात जे जे म्हणून बघण्यासारखं आहे, ते मामांना दाखवायचं. बायको, मुलगी ठमी आणि मामा अशी वरात निघाली.

पहिलं ठिकाण मत्स्यालय. दार उघडं, दिवे लागलेले, टाक्या अगदी लख्ख. आणि एकाही टाकीत मासा नाही!

"पाणी बदलतोय," रबरी बूट घातलेला एक माणूस म्हणाला.

"अहो, पण मासे कुठेत?"

"आधीच्या पाण्यात."

मामा एका रिकाम्या टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. "छान," म्हणाले. "घरच्या भिंतीपेक्षा ही जास्त स्वच्छ आहे."

चष्मेवाले खचले नाहीत. लगेच सगळ्यांना बाहुल्यांच्या खेळाला नेलं. पडदा वर गेला, आणि एक सुटाबुटातले गृहस्थ सांडपाण्याच्या निचऱ्यावर बोलायला लागले. ही प्रस्तावना असणार, असं समजून सगळे शांत बसले. गृहस्थ गटारांवरून मोऱ्यांवर आले. शेवटी ठमीनं खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, याच्या दोऱ्या कुठेयत?"

सभागृहातले सगळे मागे वळले. बाहुल्यांचा खेळ शनिवारीच होऊन गेला होता! मामा बाहेर येताना म्हणाले, "थोरलीच्या गाडीचं तिकीट कुठे मिळतं हो?"

बायकोनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याची हनुवटी पुन्हा झोंबायला लागली.

आता उरलं वस्तुसंग्रहालय. ते मात्र उघडंही होतं आणि भरलेलंही! मामांचे गुडघे दुखत होते, म्हणून चष्मेवाले म्हणाले, "तुम्ही खालीच त्या बाकावर बसा. आम्ही वरच्या तलवारी बघून हा आलोच." तलवारी बघून ते खरोखरच चटकन आले. बाक होता, त्यावर 'रंग ओला आहे' अशी पाटी होती, आणि मामा नव्हते.

"बाबांना हरवलंत!" बायकोनं टाहो फोडला. "सकाळपासून माशांना हरवलंत, बाहुल्यांना हरवलंत, आता माझ्या बाबांना हरवलंत!"

ती ठमीला घेऊन बागेकडे धावली. चष्मेवाले दालनांतून धावले. भांड्यांच्या दालनात मामा नाहीत, नाण्यांच्या दालनात नाहीत. 'जुन्या काळचं घर' या दालनात एक बाई दहाबारा लोकांना माहिती सांगत होत्या. दोरीपलीकडे मेणाचे पुतळे मांडले होते. एक स्वेटर विणणारी बाई, आणि पलीकडे अंधाऱ्या कोपऱ्यात आरामखुर्चीत गळ्यापर्यंत शाल आणि भुवयांपर्यंत कानटोपी ओढलेला एक म्हातारा.

"हा नवीन आणलेला दिसतोय," माहितीवाल्या बाई जरा गोंधळल्या, पण लगेच सावरल्या. "हे घरातले कर्ते पुरुष. यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे."

"काय कारागिरी आहे!" चष्मेवाल्यांना राहवेना. "हुबेहूब आमचे सासरे! फक्त चेहरा जरा जास्तच आंबट झालाय. आणि नाक बघा! उरलंसुरलं मेण सगळं नाकावरच लिंपलंय!"

लोक हसले आणि पुढच्या दालनात गेले. चष्मेवाले मात्र मागेच राहिले. ते दोरीला टेकले. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून पुतळ्यालाच म्हणाले, "हसू नका, पुतळेराव. तुमच्यासारखाच एक खडूस म्हातारा हरवलाय माझा. नाही सापडला तर बायको घरात घ्यायची नाही. सापडला तर बॅग भरून थोरलीकडे जाणार. म्हणजे मी दोन्हीकडून मेलो! घरी आल्यावर 'आलात का' म्हणून विचारतं कोण? तेच. बायको ठमीच्या अभ्यासात, ठमी तिच्या नादात. ते गेले की मी घरी यायचं ते कुणाकडे?"

आणि त्यांना दिसलं की पुतळ्याच्या गालावरून काहीतरी चकाकत खाली ओघळतंय.

"अहो, धावा!" चष्मेवाले ओरडले. "पुतळा वितळतोय! धावा!"

बाहेरच्या रखवालदाराला त्यातलं 'धावा' तेवढं स्पष्ट ऐकू आलं. बाकीचं त्यानं आपल्या मनानं भरलं. "आग!" म्हणून तो गरजला, भिंतीवरचं लाल नळकांडं उपसून आत घुसला आणि म्हाताऱ्यावर त्याची तोटी मोकळी केली. फुस्स! सगळीकडे पांढरी पावडर! धोक्याची घंटा घणाणली. आणि त्या पांढऱ्या ढगातून मेणाचा म्हातारा उठून उभा राहिला, दालन हादरेल अशी शिंक शिंकला आणि म्हणाला, "अहो, हा काय चावटपणा आहे!"

आरडाओरडा ऐकून परत आलेल्या माहितीवाल्या बाईंनी किंकाळी फोडली आणि त्या पितळी घंगाळात बसल्या. बाहेर पळणाऱ्यांपैकी निम्मे ओल्या बाकावरून गेले. रखवालदार नळकांडं टाकून सर्वांत पुढे होता.

चष्मेवाले मात्र जागचे हलले नाहीत.

"मामा?" ते कसेबसे म्हणाले.

"बाक ओला होता," मामा टोपी झटकत म्हणाले. "ही खुर्ची रिकामी होती. गार वाटलं म्हणून तिथलीच शाल-टोपी घेतली."

घंटा ऐकून बायको आणि ठमीही बागेतून धावत आल्या. व्यवस्थापकांनी सगळ्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि हात जोडून विनंती केली, की पुन्हा कधीही येऊ नका. सगळे टॅक्सीत बसले. पुढे मामा, पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. मागे बायको, तोंड खिडकीकडे करून. चष्मेवाले तिच्या आणि ठमीच्या मधल्यामध्ये अंग चोरून बसले होते. संपलं, त्यांच्या मनात आलं. उद्याच बॅग भरली जाणार.

"जागा होतो मी," मामा समोर बघत म्हणाले. "नाकाचं ऐकलं."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले.

"पुढचंही ऐकलं."

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. थोरली! बायकोनं मुकाट्यानं फोन पुढे दिला.

"हां, बोल," मामा म्हणाले. "नाही गं, मी काही येत नाही. करमायचा प्रश्नच नाही, इथे दंगा कमी नाही... अगं, तुझ्या घरी सगळी धडधाकट माणसं! इथे जावईबापूंची नजर पार गेलीय. हातभरावरचा सासरा दिसत नाही माणसाला! एवढा अधू माणूस टाकून मी कसा येऊ?"

शहरातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर आपले चष्मे चढवलेले चष्मेवाले ताडकन सरळ झाले. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं. बायकोनं त्यांच्या पायावर सगळा भार देऊन पाय ठेवला.

"हो हो, मामा," चष्मेवाले कळवळत म्हणाले, "हल्ली मला अगदीच अंधुक दिसतं!"