अर्धी हिरवी गाडी

ये, इकडे माझ्याजवळ बस. आधी रागावते, मग चहा टाकते. मागच्या खेपेला आलीस आणि शेजारच्या भाऊसाहेबांची गाडी पाहून फाटकातच खिदळलीस. "मावशी, ही अर्धी हिरवी अन् अर्धी राखाडी काहून?" असं मोठ्यानं विचारायचं असतं का वं? भाऊसाहेब ओट्यावरच बसले होते.

आता नीट ऐक. भाऊसाहेब म्हणजे अमरावतीच्या कोर्टात जन्म घालवलेले वकील. ती गाडी त्यांना अकोटच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात सापडली. विलायती, वरून उघडी, दोनच माणसांची, आणि बुटकी इतकी की बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. अख्ख्या वऱ्हाडात तशी दुसरी नसेल. उंदरांनी तिच्यात बाळंतपणं केली होती. भाऊसाहेबांनी ती ट्रकवर घालून आणली आणि वकिली सोडल्यावर नीट करायला घेतली. इंजिन सुरू झालं, उजवी बाजू हिरवीगार झाली, आणि तिथंच काम थांबलं ते थांबलंच. पुढे त्यांचे गुडघे गेले, नजर अधू झाली. "माह्यामागं हिले भंगारवाला नेईन," म्हणाले, आणि गाडी विकायला काढली.

विकायला म्हणजे कशी? गिऱ्हाईक आलं की आधी पोहे. स्वतः केलेले, खारट. मग चौकशी, लेकीला स्थळ बघावं तशी. घर स्वतःचं हाय का? गाडीले सावली हाय का? घरात कोनी रागीट? "पोट्टी द्याची हाय, भंगार नाई!" हे वाक्य तर आमच्या भिंतीलासुद्धा पाठ झालं. मूर्तिजापूरचे एक व्यापारी आले, पोहे खाता खाता म्हणाले, "मायलेज किती देते?" भाऊसाहेबांनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. "पोट्टी किती भाकरी खाते, हे इचारून राह्यला हा मानूस!"

पण खरं गाडं अडायचं ते डाव्या बाजूपाशी. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काही हरकत नाही, आमचा मिस्त्री मशीननं खरवडून काढेल. खरवडून म्हटलं की भाऊसाहेब उठायचे. "मंग नाई जमत आपलं."

लोक म्हणायचे, म्हातारा चक्रम आहे. मला कारण माहीत होतं. मधे एक भिंत, सगळं ऐकू यायचं. गाडीची उजवी बाजू त्यांची, डावी इंदूची, असं नवराबायकोनं वाटून घेतलं होतं. इंदू पाटावर बसून पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं पत्रा घासायची. "वकीलसाहेब, तुमची बाजू खरबुडी हाय." "तू गाडी घासून राह्यली का लोनच्याची बरनी?" असं दुपारभर चालायचं. डाव्या दाराच्या कडीपर्यंत इंदूचं घासून झालं, आणि ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. भाऊसाहेबांनी आपली बाजू पुरी केली. तिच्या बाजूला हात लावला नाही.

तर मागच्या महिन्यात अकोल्याचे एक डॉक्टर आले, बायकोला घेऊन. डॉक्टर इंजिनात डोकं घालून बसले. बाई मात्र डाव्या दारापाशी उकिडवी बसली आणि पत्र्यावरून तळवा फिरवत राहिली. कडीपाशी हात थांबला.

"इथपर्यंत किती मऊ हाय. हातानं घासलं ना हे? कोनं?"



"हे मिस्त्रीले नाई द्याचं," ती नवऱ्याला म्हणाली. "इथून पुढं मी घासीन."

भाऊसाहेब उठून आत गेले. मला वाटलं, झालं, हेही फिसकटलं. तेवढ्यात भिंतीवरून हाक आली. "ताई, या जरा. ओटी भराची हाय."

मी गेले. ताटात नारळ, इंदूच्या कपाटातला खण, आणि वाटीभर तुरीची डाळ.

"भाऊसाहेब, ओटीत डाळ?"

"मले काय माहीत? हे सारं तिच्याकडं होतं."

मी घरून गहू आणले. त्या बाईची ओटी भरली. तर भाऊसाहेब डाव्या सीटकडे बोट दाखवून म्हणाले, "इचीबी." भरली बापा गाडीचीही. डॉक्टरसुद्धा हसले नाहीत. किमतीचं बोलणं तर उभ्या उभ्या होऊन गेलं. भाऊसाहेबांची अट एकच. "बाजू पुरी झाली का मांडवपरतनीले घेऊन या." नवी नवरी एकदा माहेरी येऊन जाते ना, तशी.

गाडी अकोल्याला गेली, तेव्हापासून ते दर रविवारी पोहे करतात आणि ओट्यावर बसतात. मी म्हटलं, एक फोन तरी करा अकोल्याला. तर म्हणाले, "नाई. हाताचं काम हाय, घाई कराची नसते." मग जरा वेळानं भिंतीवरून विचारतात, "ताई, तुमच्याकडं कोनी येनार हाय का आज?" पोहे निवून जातात.

म्हणून म्हणते, वेळ नाही वेळ नाही करू नकोस. येत्या रविवारीच ये, त्यांच्याकडे बस, खारट लागले तरी बशी संपव. फक्त फाटकाशी हॉर्न वाजवू नकोस. कुठलाही वाजला तरी ते उठून उभे राहतात.