मूठभर अक्कलकारा

“बशीत मेला म्हंजे घशात मेला असं हुत न्हाई, पप्पा! ठेवा ती पातेली खाली!”

“तूच म्हणालीस काल, आडुळशानं विषाणू मरतोय. ह्या कानांनी ऐकलंय मी.”

“आनी ‘परंतु’च्या पुढचं ऐकलं का?”

पुढचं आप्पासोनं ऐकलंच नव्हतं. त्याची पोरगी सोनम फार्मसीला. झाडपाल्यातली द्रव्यं सर्दी-खोकल्याच्या विषाणूवर चालतात का, हा तिचा प्रोजेक्ट. आरशापुढं उभी राहून ती भाषण पाठ करत होती, की प्रयोगशाळेत काचेच्या बशीत विषाणू ठेवला, वर आडुळशाचा अर्क टाकला, तर विषाणूची वाढ थांबली. एवढं कानावर पडल्यावर आप्पासो कोयता घेऊन कुंपणाकडं पळाला. “परंतु माणसात अजून सिद्ध झालेलं नाही” हे वाक्य घरातच राहिलं.

आणि हे भांडण तो कसल्या आवाजात करत होता? वाल सुटलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या. हसू नका. आप्पासो बैलगाडी शर्यतीचा समालोचक आहे. उंब्रजपासून आष्ट्यापर्यंत कुठलंही मैदान असो, माईक त्याचाच. “गाड्या सुटल्याऽऽ” म्हणाला की चहावाला गिऱ्हाईक सोडून पळायचा. असल्या माणसाला डॉक्टर म्हणाले, “व्हायरल हाय. आपोआप जाईल. गरम पाणी प्या, आणि चार-पाच दिवस बोलू नका.”

उद्या आष्ट्याचं मैदान. आणि जयराज म्हणून एक नवा समालोचक निघालाय, गॉगल लावून फिरतो. त्यानं कमिटीला आधीच फोन टाकलेला, “आप्पांचा घसा बसलाय म्हणं. मी मोकळाच हाय.” माईक एकदा हातातनं गेला की गेला, हे आप्पासोला चांगलं माहीत होतं. त्यानंही तो असाच दुसऱ्याकडनं घेतलेला.

“आवं, उकळून उकळून भांडं हिरवं झालं,” त्याची बायको मंगल म्हणाली, “आवाज हाय तितंच हाय.”

“मग आनखी एक पातेलं ठेव.”

“पप्पा, बशीत लागलं तेवढं द्रव्य नुसतं पिऊन रक्तात उतरतंय व्हय? ह्याच्यावर अजून लय संशोधन व्हायला पायजे.”

“मग कर की! माझ्यावर कर! मी काय न्हाई म्हणतोय?”

तेवढ्यात परसातनं मंगलची किंकाळी आली. आडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तर ते कुंपण होतं. तेच आप्पासोनं छाटून पातेल्यात घातलेलं. मग शेजारच्या नाथाजीच्या शेळ्या सरळ आत आल्या, मेथी संपवली आणि दोरीवरचा सोनमचा ॲप्रन चघळायला लागल्या.

नाथाजी शेळ्या न्यायला आला आणि मंगलच्या तावडीत सापडला. सुटायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यानं आप्पासोकडं तोंड वळवलं. “आवाज पायजे न्हवं, गड्या? माझ्या परड्यात अक्कलकारा हाय. पिवळं बोंड असतंय बघ. एक चघळायला दिलं की न बोलणारं पोर बोलतंय.”

“काका, त्यानं जीभ बधिर हुती!” सोनम ओरडली. “दाढ दुखली की लावत्यात ते!”

“बारक्या पोराला एक,” आप्पासोनं हिशोब केला, “मग माझ्याएवढ्याला किती?”

दुसऱ्या दिवशी आष्ट्याच्या स्टेजवर चढताना त्यानं मूठभर बोंडं तोंडात टाकली. सोनम खाली उभी होती. तिनं कपाळाला हात लावला.

आवाज जरा फुटल्यासारखा झाला, पण जीभ गेली. माईकमधनं आलं, “लाम लाम मंदळी! गत क्लमांक एक!”

मैदान हसलं. आप्पासोला वाटलं, लोक खुश आहेत. त्यानं अजून जोर लावला. तोंडाला सुटलेलं पाणी माईकवरनं गळायला लागलं. गाड्या सुटल्या, धुरळा उठला आणि सात नंबरची गाडी पहिली आली.

“थाऽऽत! थात नंबल पयला!”

सात नंबरवाल्यांनी गुलाल उधळला. आठ नंबरवाल्यांनीही उधळला.

“आठ म्हणला त्यो!”

“कानात बोळं घातल्यात का रं? सात म्हणला!”

“त्येलाच इचारा की!”

आप्पासोनं छातीवर हात ठेवून शपथेवर सांगितलं, “थात!”

मग कॉलरी धरल्या गेल्या. कमिटीनं आप्पासोच्या हातातनं माईक ओढून जयराजला दिला. पुसायचं भान कुणाला? जयराजनं ओलाच माईक ओठाला लावला आणि काय बोलला पठ्ठ्या! लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढचं उंब्रजचं मैदानही तिथंच त्याला देऊन टाकलं.

आप्पासो स्टेजच्या मागं जाऊन बसला. सोनमनं पाण्याची बाटली दिली. ती रागावणार होती, पण त्याचं तोंड बघून नुसतीच शेजारी बसली.

घरी आल्यावर तो कुणाशी बोललाच नाही. लाज वाटत होती. रोज गरम पाणी प्यायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा. असं करता करता एका सकाळी त्यानं मंगलला चहा मागितला, तर चौथ्या घरातनं आवाज आला, “आप्पा बरा झाला!”

आज सकाळी दारात जयराज. गॉगल नाही, गळ्याला मफलर.

“आप्पा,” तो फुसफुसला, “तुमचा घसा कशानं उघडला? आज उंब्रज हाय.”

मंगल तोंडाला पदर लावून आत गेली. आप्पासोलाही हसता आलं असतं. पण तो म्हणाला, “गप बसून उघडला, बाबा. आजचं मैदान सोड. चार दिवस त्वांड उघडू नगंस. घसा गेला तर काय खाशील?”

“मी सोडतो, तुमी धरा, व्हय?” जयराज भडकला. “मला गप बसवून माईक घ्यायचा डाव हाय! खरं औषध सांगा!”

“खरंच हाय ते, दादा,” सोनम म्हणाली. “बशीत मेला म्हणून...”

त्यानं अर्धंच ऐकलं. आष्ट्याला आप्पासोनं तोंडात टाकलेली पिवळी बोंडं त्याला शेजारी दिसली, तसा तो तरातरा नाथाजीच्या परड्यात शिरला. बाहेर आला तेव्हा शर्टाचा खिसा टम्म फुगलेला.

“एकच बोंड खा रं! एकच!” आप्पासो मागनं ओरडला, इतका खणखणीत की शेळ्या उधळल्या. जयराजनं मागं वळूनही बघितलं नाही.

आत्ता आप्पासो गाडीला किक मारतोय. म्हणतोय, नुसता बघायला चाललोय. पण शर्ट इस्त्रीचा घातलाय. उंब्रजचा पहिला गट सुटायला आलाय. मलाही त्याच्या मागं निघायला पाहिजे.