दोन सीटांची लाल गाडी

बोरगाव मेघेत आमच्या शेजारी शीलामावशी राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाची तोंडी परीक्षा घेऊन त्याला नापास करणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही.

गाडी म्हणजे दोन दारांची, दोन सीटांची, टप उघडणारी जुनी लाल स्पोर्ट्स कार. बदली झालेल्या एका साहेबाकडून तरुणपणी घेतलेली. "मागं सीटच नाई, म्हणजे नातेवाइकाईची कटकट नाई," असं त्या सांगत. गल्लीत मात्र तिला सगळे बेडूक म्हणायचे.

मग एक वेबसिरीज आली. तिच्यातला हिरो नेमका अशाच गाडीतून गुंडांच्या मागे सुटला आणि आमचा बेडूक एकदम 'विंटेज' झाला. फाटकाशी रील काढणारी पोरं, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी, वर नागपूरच्या दलालांचे फोन. मावशींचा पारा चढला.

"इतके वर्ष डोळे फुटले होते काय तुमचे? हिरो बसला तवा गाडी दिसली?"

चुका काढायला म्हणून त्यांनी अख्खी सिरीज पाहिली. "लेकाचा तिसऱ्या गिअरवर गाडी उठवून राह्यला! अन् याच्यापायी लोक पागल!"

एक दलाल तर मागाल ती किंमत द्यायला तयार होता. मावशींनी विचारलं, "पाऊस आला तर टप कसा लावशील, सांग बरं?" तो मोबाइलवर शोधू लागला. "जाय, हिरोले विचारून येजो," म्हणत त्यांनी फाटक लावून घेतलं.

पुढच्या सीझनमध्ये हिरो जुन्या जीपमधून फिरू लागला. गर्दी जीपकडे वळली.

त्या रविवारी मावशींनी मला हाक मारली. गाडी धुऊन फाटकाबाहेर उभी होती. स्वयंपाकघरात भलंमोठं पातेलं भरून पोहे.

"काऊन रे, आज एकही पोट्टं नाई आलं?" आवाजात तोच संताप. "दर रविवारी हादडून जात होते. एवढे पोहे का मी एकटीनं खाऊ? येत नसन तर सांगावं ना माणसानं!"

मी दोन प्लेटा संपवल्या. मग म्हणालो, "मावशी, मले एक चक्कर मारून आणता का जी?"

"पेट्रोल फुकट येते काय?" त्या फणकारल्या. पण किल्ली हातातच होती.

जवळच्या आंजी गावापर्यंत जाऊन येऊ, असं ठरलं. वाटेत सिरीजवाल्यांचा यथेच्छ उद्धार झाला. आंजी आली, मागे पडली. मावशींनी गाडी वळवली नाही. मीही आठवण करून दिली नाही.